जित्या माणसाची श्रद्धांजली

वाल्मीक खैरनारांना मंडळात सगळे ‘चालता-बोलता इतिहास’ म्हणत, आणि त्यांनाही ते गोड लागे. नाशिकच्या एका व्यापारी-उद्योजक मंडळात तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. कुठल्या साली कोण अध्यक्ष होता, जकातीविरुद्धच्या बंदात कोणाचं दुकान मागच्या दाराने चालू होतं, सगळं तोंडपाठ. मंडळाला साठ वर्षं झाली तेव्हा स्मरणिकेचं काम दुसऱ्या कोणाकडे जाणार? निवृत्तीला चार महिने उरले होते. पहिल्याच पानावर ‘लेखन व संकलन : वाल्मीक खैरनार’ असं छापून येणार होतं. स्वारी हवेत होती नुसती.

तिथेच माती खाल्ली. संस्थापक सभासद सव्वीस. त्यातले पंचवीस गेलेले. सव्विसावे लासलगावचे मल्हारीनाना दरेकर, कांद्याचे जुने अडतदार. ते आहेत की नाहीत? अहो, लासलगाव म्हणजे काय अमेरिका आहे? सकाळची एसटी धरली की दुपारी माणूस जेवायला घरी. पण आज ऊन, उद्या लग्न, परवा जाहिरातवाल्यांचे फोन. शेवटी छापखान्याने तगादा लावला तेव्हा वाल्मीकराव मनाशी म्हणाले, पंचवीस गेले, मग हेच काय अमरपट्टा बांधून आलेत? आणि नावाआधी ‘कै.’ लावून मोकळे झाले. खाली ठरलेल्या तीन ओळी. मंडळात कोणीही गेलं की त्याच निघायच्या : मनमिळाऊ स्वभाव. दांडगा जनसंपर्क. मंडळाचा आधारस्तंभ हरपला.

अध्यक्षांनी विचारलंही होतं, “नक्की ना?”

“मी स्वतः जाऊन चौकशी केली,” वाल्मीकरावांनी ठोकून दिलं.

समारंभ थाटात झाला. स्मरणिका टपालाने सगळ्या संस्थापकांच्या घरी गेल्या. आठव्या दिवशी कचेरीतला फोन वाजला. “मंडळ का? मी लासलगावहून कैलासवासी मल्हारी बोलतोय.”

अध्यक्ष ओरडले नाहीत. “तुम्ही सांगितलंत म्हणून छापलं,” एवढंच म्हणाले. “जाऊन माफी मागून या.” त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं.

दार नानांच्या बायकोने, यशोदाबाईंनी उघडलं. आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. “घ्या, उन्हाचे आले. पण भाऊ, मी हितं रोज कुंकू लावते अन् तुम्ही तिकडं नाशकात बसून पुसलं व्हय?” वाल्मीकरावांनी तांब्या तसाच खाली ठेवला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्यांना.

नाना खाटेवर बसले होते. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, पण आवाज खणखणीत. वाल्मीकरावांनी पाय धरले तर हसले. “आरं, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणत्यात. उपकारच केले तू. मला आता दिसत नाय. वाच बरं, काय लिहिलं माझ्यावर.”

वाल्मीकरावांनी पान उघडलं. तीन ओळी. जित्या माणसाच्या तोंडावर त्या कशा वाचायच्या? जीभच रेटेना. आणि मग, देव जाणे कुठून, ते भलतंच वाचू लागले. मंडळाच्या जुन्या सभांच्या वहीत त्यांनी स्वतः पाहिलेलं. नानांनी सायकलवर निफाड, पिंपळगाव, सिन्नर पालथं घालून एकशे चौदा सभासद जमवले. शहरातले लोक म्हणाले, खेड्यातले अडतदार कशाला हवेत? तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे नाना भर सभेत उभे राहिले अन् म्हणाले, माल तिकडूनच येतो, मग माणसं का नकोत? हे सगळं लिहायला पान होतं. ते एका माजी अध्यक्षांच्या फोटोंना गेलं होतं. वाल्मीकरावांनीच दिलं होतं, कोणी मागितलंही नव्हतं.

वाचता वाचता त्यांचा आवाज चढला. छान जमतंय असं वाटायला लागलं, मेल्याला लाज नाही ती नाहीच! नानांची नात सृष्टी चहा घेऊन आली आणि त्यांच्या खांद्यावरून पानाकडे बघत तशीच उभी राहिली. तिला बघून ते थांबले.

यशोदाबाई पदराने डोळे पुसत होत्या.

“झ्याक वाचलं,” नाना म्हणाले. “फोन करायच्या आधी सृष्टीनं वाचून दाखवलं होतं मला. तीनच ओळी निघाल्या. म्हटलं, पोरीचं पान चुकलं असंल, पुन्हा वाच. तिनं दोनदा वाचलं.”

वाल्मीकरावांच्या हातात स्मरणिका तशीच उघडी राहिली.

“मेलो म्हणून लिहिलं, त्याचं काय नाय रे,” नाना हळू आवाजात म्हणाले. “मला वाटलं, लिहिणाऱ्या पोराला ठाऊकच नसंल. तुला तर समदं ठाऊक होतं.”