माझ्या पाटीवरची बंडी

सांगणार नव्हतो. पण सूनबाईनं वही-पेन समोर ठेवला अन् चहा अडवला, म्हणून लिहून राहिलो. करवतीखाली भुसा साचते तसे किस्से साचतात. झाडले तरी कपड्याले चिकटूनच राहतात!

मी सानगडीचा सुतार, चौथी नापास. जन्मभर बंड्या बनवल्या. बंडी म्हणजे दोन चाकं, दोन बैल. हे बी सांगावं लागते, हीच शरम!

*

दुकानावर पाटी लावली : ‘इथं बंडी दुरुस्त होते.’ शेजारी गुरुजी राहतात, रिटायर माणूस, कामधंदा नाही. एक दिवस सकाळी येऊन पाहतो तं ‘बंडी’वर पांढरा रंग, अन् त्यावर ‘बैलगाडी’!

“गुरुजी, पाटी माझी. तुमचा ब्रश काहून चालला?”

“अशुद्ध शब्द आहे तो. लोक हसतील.”

बसलेले चार-पाच जण हसले बी. माझ्यावर! तेव्हाच ठरवलं, चारचौघात हसवलं तं माफी बी चारचौघातच पाहिजे.

*

गुरुजीकडे पुण्याचा इंजिनिअर पाहुणा आला. मले शिकवू लागला, “बंडी म्हणजे अंगात घालायची, बिनबाह्यांची.”

बाजारातला गुजराती कापडवाला बी तेच म्हणे. हिंदीवाल्यायचं बी तेच. गुरुजी खूश! “पाहा, तीन भाषा माझ्या बाजूनं.”

मी चाकाकडे बोट केलं. “घाला मंग अंगात. आरा कुठं टोचते ते सांगा!”

*

सूनबाई दर साली बायायसंग तेलंगणात मिरची तोडाले जाते. आली तशी म्हणाली, “मामाजी, तिकडे तेलुगूत बैलगाडीले बंडीच म्हणतात! मुकादमाची मोटरसायकल बी बंडी, रेल्वे बी बंडी. एक तमिळ ट्रकवाला होता, तो वंडी म्हणे.”

तिले तसंच गुरुजीच्या दारात उभं केलं. गुरुजीनं ऐकून घेतलं अन् म्हणाले, “म्हणजे परका शब्द! आपला नाहीच.”

“खिशातला पेन इंग्रजाचा, नाकावरचा चष्मा फारशीतला. तुम्हीच पोरायले शिकवत होते. दोन्ही काढून ठेवा, मंग बोलू.”

“पण मूळ कुठलं, ते तं सांग!”

“चाकाची वस्तू आहे, गुरुजी. एका गावात कशी राहील?”

*

मागच्या महिन्यात गुरुजीनं नवी कार घेतली. दारात पूजा, सारी गल्ली गोळा. त्यायची नव्वदीची आई कुंकवाची वाटी घेऊन खुर्चीवर बसली होती.

“वामन, तुही बंडी मोठी चमकते बा!”

गुरुजी हळूच म्हणाले, “आई, कार म्हण. बंडी नाही.”

म्हातारीनं वाटी खाली ठेवली. “काहून रे? साकोलीच्या दवाखान्यात नेऊन राहिले होते मले, अन् तू अर्ध्या रस्त्यात झाला. बंडीत! धानाच्या तणसीवर!” मंग माझ्याकडे बोट केलं. “याचाच बाप बंडी हाकत होता. सोताचं धोतर फाडून त्यानं तुले गुंडाळलं.”

गल्ली हसली. या खेपेस माझ्यावर नाही.

गुरुजीनं नारळ फोडला. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “बस दादा, एक चक्कर मारून आणतो.”

“कशात?”

गुरुजीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“कारमधी.”

मी पायीच घरी आलो. पाटीवर अजून ‘बैलगाडी’च आहे, माफी बी बाकी आहे. नाव लिहूनच ठेवतो : वामन गुरुजी, माझ्या दुकानाच्या शेजारी.