पिशवी काढलेली बाई

"आधी संडास कुठं आहे ते दाखवा, मग चहाचं बघू."

कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेली की ती दारातच हे म्हणायची. पडवीत पुरुषमंडळी बसलेली असली तरी आवाज खाली येत नसे. घरातल्या बायका एकमेकींकडे बघत. ती मागच्या दारी जाऊन यायची, हातपाय धुवायची आणि ऐसपैस मांडी घालून बसायची. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "देवघर कुठं ते सगळे विचारतात. मी माझ्या गरजेचं विचारलं."

आमचं गाव अलिबागच्या खालच्या अंगाला, समुद्राला लागून. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्या मधून एक अरुंद आळी. मी गावाच्या वाचनालयात काम करते. ती समोरच्या घरातली सून, शाळेत खेळाच्या बाई. अशा तोंडाळ बायका तुम्हीही पाहिल्या असतील आणि त्यांच्यापासून चार हात दूरही राहिला असाल. मीही बरेच दिवस तशीच राहिले होते.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिच्या मोठ्या आतड्याला व्रण झाले. रक्त पडायचं, अन्न टिकायचं नाही. औषधांनी हात टेकले तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी मोठं आतडं काढून टाकलं आणि लहान आतड्याचंच टोक दुमडून, शिवून पोटाच्या आत एक साठवण तयार केली. ती शिवण भरून येईपर्यंत काही महिने पोटावर बाहेरून एक पिशवी चिकटवलेली असायची. ते दिवस तिने माहेरी काढले. आळीत फक्त "पोटाचं ऑपरेशन" एवढंच सांगितलं होतं.

पुढच्या ऑपरेशनात बाहेरची पिशवी निघाली. सासूबाई रेवसच्या धक्क्यावरून रिक्षाने आल्या आणि फाटकातूनच ओरडल्या, "पिशवी काढली गो एकदाची! सुटली माझी सून!"

म्हातारी आनंदात होती. पण 'पिशवी काढली' या शब्दांचा आपल्याकडे एकच अर्थ होतो. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं की समोरच्या सुनेचं गर्भाशय काढलं. पदरात मूल नाही, वय तिशीच्या आतबाहेर. बायका हळहळल्या. त्या हळहळीला काय चव असते ते मला ठाऊक आहे. माझा नवरा गेला तेव्हा ती मला पोटभर वाढली होती.

त्या वर्षीचं संक्रांतीचं हळदीकुंकू थोरल्या काकूंकडे होतं. थोरल्या काकू म्हणजे आळीचं न्यायालय. कोण सोवळ्यात, कोण ओवळ्यात, कोण कुठे बसणार, हे त्या ठरवत. बायका ओळीने बसल्या होत्या आणि काकू एकेकीची ओटी भरत पुढे सरकत होत्या. तिच्यापाशी आल्या, हळदीकुंकू लावलं आणि पुढच्या बाईपुढे वाकल्या.

"काकू, माझी राहिली."

"राहिली नाही गो. पिशवी काढलेल्या बाईची ओटी भरत नाहीत. भरायची तरी कशासाठी? मनाला लावून घेऊ नकोस, बिचारी."

ओटी भरून झालेल्या बायका आपापल्या ओटीतल्या तांदळाकडे बघू लागल्या. कोणती पिशवी ते तिला उमजायला एक क्षण लागला. मग ती म्हणाली, "अस्सं होय!" उठली आणि भिंतीशी माझ्या शेजारी येऊन बसली. मला हळदीकुंकवाला बोलावतात, तिळगूळ देतात आणि भिंतीशी बसवतात.

"ताई, जरा सरका," ती मोठ्याने म्हणाली. "इथं वारा बरा येतो. आणि काकू, बिचारी नाही हं म्हणायचं. काय म्हणायचं ते म्हणा, ते नाही."

त्यानंतर ती दरवर्षी यायची आणि थेट माझ्या शेजारी बसायची.

खरं काय ते मला पुढे रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये कळलं. ती तपासणीला निघाली होती, मी पुस्तकं आणायला. तिच्या मांडीवर मीठ घातलेल्या ताकाची बाटली आणि मऊ भाताचा डबा होता. तिने दोन आतड्यांची आणि न भरलेल्या ओटीची गोष्ट, हाताची बोटं दुमडून दाखवत, अशी सांगितली की पलीकडची कोळीण टोपली सोडून ऐकत बसली.

"म्हणजे तुमची पिशवी हाय?" कोळणीनेच विचारलं.

"आहे की! वर एक नवीन करून घेतली. दोन झाल्या."

कोळीण पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "मग आळीत सांगत का नाहीस? सासूबाई तर रडतात, आपल्याच तोंडून गेलं म्हणून."

"त्या तर हॉस्पिटलचे कागद घेऊन काकूंकडे निघाल्या होत्या. मीच अडवलं. काय सांगायचं, ताई? माझी आहे, तेव्हा माझी ओटी भरा? धाकट्या काकूंची खरंच काढलीय. थोरल्या जावेला कळू नये म्हणून लपवतात आणि ओळीत जीव मुठीत धरून बसतात. मी सुटले की मग खरी कोण ते लोक शोधतील, आणि त्या सापडतील. आणि तुमची तर आहे ना जागेवर? मग तुम्ही भिंतीशी का?"

मी उलट विचारलं,

"तुला वाईट वाटत नाही?"

"वाटतं ना. मला आवडते ओटी. कोऱ्या खणाचा वास, तो नारळाचा भार. आईनं भरलेली आठवते. मला हवीय, ताई. पण तुम्ही भिंतीशी बसून बघत असताना नको."

मी त्या बायकांना माफ केलेलं नाही. हे लिहिताना ते सांगून टाकलेलं बरं. त्या बिचारी म्हणत होत्या तेव्हा ती भल्या पहाटे मुलींना समुद्रकाठच्या पुळणीवर पळवत होती. कबड्डीचा संघ घेऊन तळा गावी गेली तेव्हा ऐन सामन्यात पंचांना म्हणाली, "थांबवा जरा, आले." परत आली ती नाडी बांधतच, आणि तिथूनच ओरडली, "अगं, पाय धर तिचा, पाय!" मुली जिंकल्या. वाडीत शिंपणं, पोफळं सोलणं, स्कूटरवरून बाजार, सगळं चालू. तिखटाला तेवढी ती भ्यायची. बाकी कशालाच नाही.

शाळेतल्या मुलींच्या संडासाला हेडमास्तरांनी कुलूप लावलं होतं. पाहुण्यांसाठी स्वच्छ राहावा म्हणून.

"चावी द्या," ती म्हणाली.

"बाई, तुमच्यासाठी देतो. मुली घाण करतात."

"मग काय देव्हारा करून ठेवायचा त्याचा?"

तिने शाळेच्या बागेतल्या पाण्याच्या दगडी डोणीजवळचा धोंडा उचलला आणि सगळ्या शाळेसमोर कुलूप फोडलं. तिला नोटीस मिळाली. कुलूप परत लागलं नाही. काकू म्हणाल्या, "अंगातली बाई गेली की असं होतं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

पाऊस सरल्यावर, शाळेतून येताना, वळणावर रेतीच्या डंपरने तिची स्कूटर उडवली.

तिला अंगणात आणून ठेवलं तशा बायका जमल्या. थोरल्या काकू डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "शेवटी पोटानंच नेली हो."

"डंपरनं," मी म्हणाले.

"तेच गो. पण मूळ पोटाचंच."

मग त्यांनी पिशवीतून खण काढला, तांदूळ काढले, नारळ काढला. बाकीच्यांनीही आणले होते. "अहेव गेली. भाग्याची. ओटी भरून पाठवू या."

सासूबाई तिच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "तुम्ही हिची ओटी भरत नव्हतात."

"ती गोष्ट वेगळी. गेल्यावर चालतं."

म्हातारीने माझ्याकडे बोट केलं. "पहिली ओटी ही भरेल."

"अगो, ही? हिला कशी चालेल?"

"गेल्यावर चालतं ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग चालू दे."

तिच्या नवऱ्याने घरातले खण-तांदूळ आणि वाडीतला एक नारळ आणून माझ्या हातात दिले. मी कुंकवाला बोट लावलं आणि तिच्या कपाळाला टेकवलं. तांदूळ ओंजळीतून सांडत होते. मी खण ठेवला, नारळ ठेवला, पदर सारखा केला आणि बाजूला झाले, पुढचीला जागा व्हावी म्हणून.

कुणी आलं नाही. धाकट्या काकूंनी एक पाऊल टाकलं, तर थोरलीने त्यांचा पदर धरून मागे ओढलं. विधवेने भरलेल्या ओटीवर आपली ओटी कोण भरणार? बायका नारळ हातात धरून तशाच उभ्या राहिल्या आणि तिला उचलल्यावर एकेक करून आपापले नारळ घेऊन घरी गेल्या.

संध्याकाळी मी आंघोळ करून पडवीत बसले होते. थोरल्या काकूंच्या स्वयंपाकघरातून नारळ खोवल्याचा आवाज येत होता.