लीलाबाईची विहीर आणि दुष्काळाची यादी

बार्शीटाकळीकडच्या त्या गावात विहिरी पुष्कळ होत्या. उन्हाळ्यात पाणी मात्र एकट्या लीलाबाईच्या विहिरीत दिसायचं. नवरा गेल्यावर तिनं तूर-ज्वारी धरली, फार पाणी पिणाऱ्या संत्र्याचं नाव काढलं नाही. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून वाहून जाणारं पाणी खड्ड्यात गाळून तिनं विहिरीकडं वळवलं. शेजाऱ्यानं विहिरीवर मोटर लावू का विचारलं, तर तोंडावर नाही म्हणायची. गाव तिला कंजूष म्हणे. ती ऐकून घेई, आणि उन्हाळा आला की गाळ काढायला स्वतः उभी राही.

पाण्याची पातळी मोजणाऱ्या सरकारी माणसांना ही विहीर फार आवडली. बारमाही, रस्त्यालगत, वर चहाही मिळे. त्यांनी कठड्यावर पिवळा आकडा रंगवला. त्या दिवसापासून या भागात जमिनीखाली किती पाणी उरलं, हे मुंबईला कळायचं ते लीलाबाईच्या विहिरीवरून.

गेल्या साली पावसानं दगा दिला. गावातल्या बोअर फुसफुसायला लागल्या. दुष्काळाची यादी आली, तर त्यात गावाचं नावच नाही! ‘भूजल समाधानकारक.’

सरपंच मोतीराम लोकांना घेऊन तिच्या ओट्यावर आला.

"काकू, तुमच्या विहिरीनं गावाले बुडवलं."

"कोरड्यात बुडाले काय रे?"

"फेरमोजणीवाले परवा येऊन राहिले. त्याच्या आधी विहीर उपसून टाका. यादीत नाव लागलं तर टँकर येईन."

"म्हणजे घरचं पाणी सांडाचं अन् बाहेरून बोलवाचं?"

"वरून तशीच रीत हाये. आमी काय करू?"

लीलाबाईला राग आला, हसूही आलं. पण मोतीरामच्या मागं त्याची पोटुशी सून चंदा रिकामी घागर घेऊन उभी होती.

"उपसा," लीलाबाई म्हणाली. "पण थेंबभर नाल्यात जाऊ देणार नाई. घरोघरी न्या."

दिवसभर मोटर चालली. गावानं ड्रम, कोठ्या, गंजं, जे हाती लागलं ते भरलं. कंजूष म्हणणाऱ्यांनी हात जोडले. तळ उघडा पडला तसा लीलाबाईला तो बघवेना. ती मान फिरवून घरी गेली.

मोजणीवाले आले ते एक दिवस उशिरा. तोवर झरे पाझरून पाणी पुन्हा चढलं होतं. ‘उपसा होऊनही पुनर्भरण उत्तम,’ असा शेरा मारून साहेबानं लीलाबाईचा फोटो काढला.

यादीत नाव लागलं ते शेजारच्या गावाचं. त्यांना टँकर मंजूर झाला, आणि तो भरायला जवळची खात्रीची विहीर म्हणून लीलाबाईचीच विहीर ताब्यात घ्यायचा हुकूम निघाला. टँकरवाला गुलफाम पाइप सोडताना जरा संकोचला.

"मावशी, नाराज तर नाई ना?"

"तुह्यावर काहून होऊ? भर. पण आधी माह्या गावच्या घागरी, मंग तुहा टँकर."

"असं हुकमात नाई, मावशी."

"हुकूम करणारा इथं पाणी भराले येते काय?"

गुलफामनं इंजिन बंद केलं आणि बायांच्या मागं रांगेत उभा राहिला. पावसाळा लागेपर्यंत हेच चाललं: दुष्काळ नसलेलं गाव आधी पाणी भरायचं, दुष्काळाचं नंतर.