कोकिळाची आत्या

चांगुणाबाईंबद्दल लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो, कारण मला त्यांची खरी माहिती फार थोडी आहे. पालमच्या स्टँडसमोर माझं शिलाईचं दुकान होतं. बारा-तेरा वर्षं त्यांची पोलकी मी शिवली, पण मापसुद्धा कधी घेतलं नाही. मापाला त्या जुनं पोलकं आणून देत आणि मी नवं शिवून देई. आमची ओळख तेवढीच. बाकीचं जे लिहितो आहे ते थोडं डोळ्यांनी पाहिलेलं आणि बरंचसं माझ्या बायकोकडून, गीताबाईकडून ऐकलेलं आहे.

त्यांचे यजमान किशनराव पिठाची गिरणी चालवत. माणूस भला होता. मूलबाळ झालं नाही. चांगुणाबाईंचा धाकटा भाऊ मुंजाजी राणीसावरगावला होता. त्याच्याकडे चार एकर बरड जमीन होती. दिवाळी झाली की बायकोला, छबूबाईला, घेऊन तो ऊसतोडीला जायचा आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत यायचा. त्यांना एकच मुलगी होती, कोकिळा. एका साली फडातल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, तिला ढाळ लागले आणि ती मरता मरता वाचली. म्हणून पुढच्या साली तिला आत्याकडे पालमला ठेवायचं ठरलं. ते ठरवणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

ते एकोणऐंशी साल. नामांतराच्या दंगलीत दलितवस्त्या जळाल्या त्याला सव्वा वर्ष झालं होतं, आणि चार अनोळखी माणसं एका जागी दिसली की दुकानदार अजून उठून बघत. त्या दिवशी ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक स्टँडवर लागला तेव्हा मीही उठून बघितलं. ट्रकात भांडी, गोधड्या, शेळ्या आणि माणसं भरलेली होती.

आमच्याकडे लहान लेकराला मागं ठेवून जायचं असलं की त्याच्या हातात खायला द्यायचं आणि डोळा चुकवून निघायचं. सांगून निघालं तर लेकरू पदर सोडत नाही, आणि मागून रडणं ऐकू येणं लोकांना बरं वाटत नाही. चांगुणाबाईंनी हॉटेलातून बशीभर जिलेबी आणली. कोकिळाला माझ्या दुकानात रस्त्याकडे पाठ करून बसवलं. ती चार वर्षांची होत आली होती, काटकुळी पोर. मी गुंड्यांचा डबा तिच्यापुढे ठेवला. छबूबाईंनी ट्रकात चढताना माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडात धरला. मी मान हलवली, जा म्हणून.

ट्रक गेला. कोकिळानं जिलेबी संपवली, बोटं चाटली, एक लाल गुंडी निवडली आणि आईला दाखवायला मागं वळली. मग रस्त्याकडे बघत उभी राहिली. आता हंबरडा फोडेल म्हणून आम्ही सगळे तिच्याकडेच बघत होतो. ती आत्याकडे वळली आणि रिकामी बशी पुढं करून म्हणाली,

"आणखी हाय का?"

आम्ही सुटल्यासारखे हसलो. शहाणी पोर आहे, असं मीच म्हणालो.

दर साली तसंच होत गेलं. तसंच म्हणजे, पहिल्या सालानंतर बशीची गरज पडली नाही. ती रडत नसे, विचारत नसे. फक्त खाई. तिच्या हातात कायम काहीतरी असे: फुटाणे, गुळाचा खडा, भाकरीचा तुकडा. आणि पोर भरू लागली. दुसऱ्याचं लेकरू सांभाळणाऱ्या बाईकडे गावाचं फार बारीक लक्ष असतं. लेकरू वाळलं तर आत्यानं उपाशी मारलं, असं म्हणायला दहा तोंडं असतात. कोकिळा गरगरीत झाली तसं गाव चांगुणाबाईंचं कौतुक करू लागलं, आणि त्या ते कौतुक ऐकायला तिला घेऊन बाजारातून फिरत, हेही खोटं नाही. शेजारचा पानवाला भुजंग तेवढा थट्टा करायचा. "किशनरावच्या गिरणीत अर्धं पीठ सांडतंय कुठं, ते आता कळलं," म्हणायचा. शाळेत पोरं तिला चक्की म्हणू लागली. खेळायला तिला कुणी घेईना, आणि दोन पायऱ्या चढली तरी तिला धाप लागे.

मला एक गोष्ट इतरांच्या आधी कळली होती, पण मी ती कुणाला बोललो नाही. कपडा शिवताना शिवणीच्या आत दोन-चार बोटं कापड जास्तीचं ठेवतात. त्याला आम्ही माया म्हणतो. लेकरू वाढलं की शिवण उसवायची आणि माया सोडायची, म्हणजे फ्रॉक आणखी एक साल निघतो. कोकिळाच्या फ्रॉकला मी दुप्पट माया ठेवत असे. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत, आईबाप गावी असताना आणि बाजाराला येऊन तिला भेटत असताना, शिवण उसवावी लागत नसे. दिवाळी झाली आणि ट्रक गेला की दोन महिन्यांत चांगुणाबाई फ्रॉक घेऊन दारात उभ्या. तीन सालं मी हे बघितलं. थंडीत भूक लागते, असं मनाला सांगून टाकलं.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत त्या शाळेचा निळा फ्रॉक घेऊन आल्या. कोकिळा तिसरीत होती. ती पायरीवर फुटाण्याची पुडी घेऊन बसली. फ्रॉक काखेत फाटलेला होता. मी आतून उलटा करून बघितला, सगळं सोडून झालेलं होतं.

"चांगुणाबाई," मी म्हणालो, "आता माया न्हाई उरली."

मग मी मान वर केली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. खांबाला हात लावून त्या उभ्या होत्या.

"कोण बोललं तुमाला?" त्यांनी विचारलं.

"कोण न्हाई. मीच बघितलं. शिवण बघितली की कळतंय."

"शिवण बघून कळतंय? पाच सालं पोटच्यावानी केलं. कधी हात उचलला न्हाई. आन तुमी दुकानात बसून म्हणता माया न्हाई?"

काय झालं ते माझ्या ध्यानात आलं. मी फ्रॉक पुढं धरून शिवण दाखवली. ही माया, कापडातली, आत ठेवतात ती, असं काहीतरी पुटपुटलो. त्यांना कळलं. पण एकदा तोंडून निघालेलं परत कसं जाणार? त्या स्टुलावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"कापडाचं असू द्या. मलाबी कळायलंय, भाऊ. मी भरवायलेय, पण ती माझ्याकडं बघून खात न्हाई. दाराकडं बघून खाती."

मग एकाएकी त्या पायरीवरच्या कोकिळाकडे वळल्या. पुरं झालं, टाक ते, म्हणाल्या. कोकिळानं पुडी टाकली, पण एक फुटाणा मुठीत धरून ठेवला. तो तोंडातही घालेना आणि टाकेना. मूठ उघडायला त्यांनी हात धरला तसं पोरीनं अंग चोरलं.

"ह्यो राहू दे," ती म्हणाली. "संपलं की तू जाशील."

"मी कुठं जाऊ? कोण बोललं तुला?"

"जिलेबी संपली तवा आई गेली." हे ती रडून नाही, शाळेतला पाढा सांगावा तशी सांगत होती. "मला ठावं असतं तर मी एक ठेवली असती. टेलरमामाला ठावं हाय. त्यांनीच मला गुंड्या दिल्या."

माझा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच राहिला. चार वर्षांचं लेकरू विसरून जाईल असं आम्ही धरून चाललो होतो. ते विसरलं नव्हतं, आणि त्यानं त्यातून स्वतःचा एक हिशेब काढला होता: हातातलं खाणं संपू द्यायचं नाही, म्हणजे माणूस जात नाही. पाच सालं ती पोर तेवढंच करत होती आणि आम्ही तिला खादाड म्हणत होतो.

त्याच आठवड्यात चांगुणाबाई तिला परभणीला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. किशनरावांना गिरणी सोडता येत नव्हती म्हणून गीताबाई सोबत गेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुसरा काही रोग निघाला नाही. मग त्यांनी पोरीला बाहेर बसवून झोपेचं विचारलं. चांगुणाबाई म्हणाल्या, झोपेत माझा पदर बोटाला गुंडाळून ठेवती, मी कूस बदलली तरी दचकून उठती. डॉक्टरांनी जे सांगितलं ते गीताबाईनं मला तिच्या भाषेत सांगितलं. माणूस घाबरला की अंगात एक रस सुटतो, तो पळायला बळ देतो. साप दिसला तर सुटतो आणि साप गेला की ओसरतो. या पोरीचा साप गेलेलाच नाही. रोज थोडा थोडा रस सुटत राहिला तर तो भूक वाढवतो, गोडाची ओढ लावतो आणि पोटावर चरबी धरतो. सगळं त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, खाणंही जास्तच आहे, पण नुसतं ताट ओढून घेतलं तर पोर आणखी घाबरेल. माझी पुतणी पुढं नर्स झाली. तिनंही असंच सांगितलं आणि त्या रसाचं इंग्रजी नाव सांगितलं, ते माझ्या लक्षात राहिलं नाही.

डॉक्टर शेवटी म्हणाले की जमलं तर आईजवळ ठेवा, आणि कुठंही जाताना फसवून जाऊ नका. सांगून जा. रडली तर रडू द्या.

मला वाटतं, काय करायला पाहिजे ते त्यांना तिथंच कळलं होतं. त्यांच्या घरात तेवढं एकच लेकरू होतं. ते आईकडे धाडायचं तर घर पुन्हा रिकामं होणार होतं.

पाडव्याला मुंजाजी आणि छबूबाई परत आले. चांगुणाबाईंनी भावाला सांगितलं की पुढच्या सालापासून छबूला गावी राहू दे, पोर तिच्याजवळ राहील. बोलणं गिरणीच्या ओट्यावर झालं, मी दळण न्यायला गेलो होतो. मुंजाजीला ते फार लागलं.

"का गं बाई," तो म्हणाला, "माझी पोर तुला जड झाली व्हय?"

दळणाला आलेली चार माणसं हसली. पोरीच्या अंगाकडे बघून हसली, हे सगळ्यांना कळलं, मुंजाजीलाही उशिरा कळलं. चांगुणाबाईंनी जिलेबीचं सांगितलं नाही, डॉक्टरांचं सांगितलं नाही. भावासमोर छबूबाईंनाच दोष लागेल, असं त्यांना वाटलं असावं. "व्हय, झाली," एवढंच म्हणाल्या. मी तिथं उभा होतो. मला सगळं माहीत होतं, आणि मी पिठाचा डबा उचलून घरी आलो. या गोष्टीचा मला अजून धक्का बसतो, आणि तो धक्का माझाच मला आहे.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी कोकिळाला राणीसावरगावला न्यायला छबूबाई आल्या. गाडी यायला वेळ होता. चांगुणाबाई भर स्टँडवर कोकिळासमोर उकिडव्या बसल्या आणि तिला सांगू लागल्या की आता तू आईसंगं जायलीस, मी इथंच राहणार हाय, दर मंगळवारी तुला भेटायला येणार हाय. पोरीच्या हातात काही नव्हतं. त्यांनीही काही दिलं नाही. कोकिळानं ऐकून घेतलं, आईकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि ती रडली. पाच सालांचं रडणं होतं ते. त्याचा आवाज एसटीच्या हॉर्नच्या वर जात होता. हॉटेलातली माणसं बाहेर आली. भुजंग पानाला चुना लावायचा थांबला. काय आत्या आहे, लेकरू एवढं रडतंय आणि ही साधा बत्तासा देत नाही, असं एक बाई माझ्या दुकानाच्या दारात उभी राहून म्हणाली. चांगुणाबाई रडणाऱ्या पोरीचे दोन्ही हात धरून बसून राहिल्या. गाडी निघाली तेव्हा कोकिळा खिडकीतून त्यांच्याकडेच बघत होती.

त्या सालापासून मुंजाजी दुसऱ्या एका गड्याला जोडीला घेऊन तोडीला जाऊ लागला आणि छबूबाई रोजगार हमीच्या तलावावर माती वाहू लागल्या. कोकिळा काही एकदम बारीक झाली नाही. अंगानं ती जाडच राहिली. पण पुढचा फ्रॉक तिनं दीड साल घातला आणि त्याची शिवण मी एकदाही उसवली नाही. मुंजाजी दोन वर्षं बहिणीशी बोलला नाही. गावानं चांगुणाबाईंचं कौतुक करणं सोडून दिलं. पोर कंटाळून परत धाडली, असंच लोक बोलत, आणि त्या कुणाला उलटून काही सांगत नसत. मंगळवार मात्र त्यांनी कधी चुकवला नाही. मुंजाजी घरात असला की त्या शाळेच्या ओट्यावर बसून पोरीला भेटत आणि परतीची गाडी धरत.

एक्याण्णवच्या मार्चमध्ये किशनरावांना डबा देऊन घरी येताना चांगुणाबाईंना चक्कर आली. परभणीला नेईपर्यंत त्या राहिल्या नाहीत. त्याच्या आदल्या मंगळवारी त्या माझ्या दुकानापुढे थांबल्या होत्या. ऊन बरंच चढलं होतं. मी मशीनवरून उठलो नाही.

"दिनकरभाऊ, राणीसावरगावची गाडी गेली का हो?"

"न्हाई, यायचीय आणखी."

"मग टेकते जरा. पाणी हाय का माठात?"

"हाय की. घ्या."