शपथ सुटली, माणूस घरी आला

माझं शिक्षण सातवीपर्यंतच झालं, त्यामुळं लिहिताना भीती वाटते. पण हा अनुभव मनातच ठेवून बसणंही बरं वाटत नाही. माझं माहेर यवतमाळकडचं. लग्न होऊन पारनेर तालुक्यात आले तेव्हा माझं ‘मले-तुले’ ऐकून सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. माहेर इतकं लांब, की रडू आलं तरी जायचं कुठं? म्हणून जे काही असेल ते खंडोबाला सांगायचे. तो ऐकतो का, याची मात्र मला बरीच वर्षं शंका होती. कारण आमचे हे दारू प्यायचे, आणि माझ्या सांगण्यानं त्यात तसूभरही फरक पडत नव्हता.

शेवटी हे स्वतःच म्हणाले, “मला कुठंतरी ने.” नगरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने राहिले. घरी आले तेव्हा चेहराच बदललेला होता. गावच्या डेअरीत दुधाची फॅट तपासायचं जुनं काम परत मिळालं. केंद्रातल्या ताईंनी आम्हा घरच्यांना समोर बसवून सांगितलं होतं, की यांच्यावर पहारा ठेवू नका, शपथा घालू नका. एखाद्या वेळी पाय घसरलाच तर त्यांना तो लपवावा लागू नये असं घर ठेवा, आणि लगेच आम्हाला फोन करा. मी मान डोलावली, सासूबाईंनीही डोलावली. पण एसटीत बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, “ती शहरातली बाई. तिला आपला देव काय ठावं?” मलाही ते पटलं.

पहिल्याच रविवारी आम्ही यांना डोंगरावरच्या खंडोबाला नेलं. आमच्याकडं देवापुढचा बेल आणि भंडारा, म्हणजे तिथली हळद, हातात उचलून जो शब्द देतात तो मोडता येत नाही. मोडला तर घरावर देवाचा कोप. यांनी बेलभंडारा उचलला. सासूबाई म्हणाल्या, “आता तोंडाला लावलीस तर देव बघून घेईल.” मला केवढा आधार वाटला! तरी भरवसा पुरता नव्हताच. संध्याकाळी हे कामावरून आले की पाण्याचा तांब्या देताना मी मुद्दाम जवळ जाऊन वास घ्यायचे. त्यांना ते कळायचं. खाली बघून पाणी प्यायचे.

दुसऱ्या महिन्यात हे भावकीतल्या एका हळदीला गेले आणि तिथं त्यांनी घेतली. सांगणारा सांगून गेला, पण हे काही घरी आले नाहीत. मोबाईल बंद. सासूबाई देव्हाऱ्यापुढं बसल्या त्या उठेनात. “म्याच त्याला उचलायला लावलं गं. आता देव न्हाई सोडायचा त्याला.” मला देवापेक्षा विहिरींची भीती वाटत होती. आपल्या शिवारात विहिरी किती आहेत, ते मला तेव्हा कळलं.

उजाडल्यावर दीर मोटरसायकल घेऊन शोधायला गेले. मला घरात बसवेना. मी डोंगर चढले आणि देवापुढं बसून मोठ्यानंच म्हणाले, “त्यांची शपथ मोडली. शिक्षा मले दे, पण माणूस घरी आण.”

“ए बाई, जरा सरक. तुझ्याखालचा भंडारा झाडायचा राह्यलाय.”

मागं वळून पाहिलं तर एक म्हातारी, कमरेत वाकलेली, हातात खराटा. मी डोळे पुसत बाजूला झाले. ती झाडता झाडता म्हणाली, “कालपास्नं आनखी एक जन असाच शिक्षा मागत बसलाय. म्हनलं, हितं नुसतं बसायचं न्हाई, झाडू घे. मागच्या अंगाला हाय. बघ बरं, तुझाच हाय का.”

मी धावले. देवळामागं हे नारळाच्या शेंड्या गोळा करत होते. हात कोपरापर्यंत पिवळे. मला पाहिलं आणि जागीच थांबून म्हणाले, “मी घेतली गं.” इतक्या वर्षांत न विचारता त्यांनी हे पहिल्यांदाच सांगितलं. मला खूप काही विचारायचं होतं, पण तोंडातून निघालं, “जेवले का तुमी?”

“दोन भाकरी खाल्ल्यात त्यानं,” म्हातारी मागून म्हणाली, “आन् काम बघ कसं, गोगलगाईवानी!”

हे म्हणाले, “मावशी, शपथ मोडली. आता आईला काय तोंड दाखवू? ती म्हणाली होती, देव बघून घेईल.”

“मंग बघितलं की त्यानं! रातभर मंडपात निजवलं, भाकर दिली. आनखी काय बघायचं? भंडारा कपाळाला लावायचा असतोय, लेकरा. त्याचं भ्या कसलं धरतोस?” असं म्हणून तिनं पायरीवरचीच चिमूट उचलून यांच्या कपाळाला लावली, आणि मग माझ्याही.

तिथूनच ताईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आजच या. सासूबाईंनी उंबऱ्यातच लेकाला जवळ घेतलं. “शपथ मी घातली हुती, मीच सोडली,” म्हणाल्या आणि डोक्यावर पदर घेऊन आमच्यासोबत नगरला निघाल्या. आता केंद्रात दर रविवारी घरच्यांची बैठक असते, तिथं त्या सगळ्यांच्या पुढं बसतात. कुणी शपथेचं नाव काढलं तर त्यालाच दटावतात.

अशा अनुभवात मदत करणारं माणूस नंतर कुणाला दिसत नाही, असं मी ऐकलं होतं. आमची मावशी तर गेलं की दिसते, आणि उशीर केला म्हणून बोलतेही. देव कुठून बोलतो ते मला सांगता येणार नाही. पण मी त्याच्याकडं शिक्षा मागत होते तेव्हा त्यानं माझ्या माणसाला पोटभर जेवू घातलं होतं, एवढं मला ठाऊक आहे. आता मी यांना धरून ठेवत नाही. सोबत राहते, बाकी त्याच्यावर सोडते. मनातली काळजी गेली असं नाही, पण ती असूनही झोप लागते.

हे दुसरं वर्ष चालू आहे. परवा चंपाषष्ठीला चुलीवर वांगी भाजत होते, सासूबाई पात चिरत होत्या. यांचा फोन आला. आवाज बारीक होता. “आज लई आठवण येतीय गं दारूची. घरी येऊ का?”

“या ना,” मी म्हणाले. “भरीत होतच आलं.”

फोन ठेवला आणि चुलीपाशीच हात जोडले. सासूबाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, “काही नाही, ते येतायत.” त्यांनी आणखी दोन वांगी विस्तवात सरकवली.