बिडीवरची फुली

पोलादपुरात आणि आजूबाजूच्या वाड्यांत सयाजीला सगळे रंगवाला म्हणत. तरुणपणी चार वर्षं तो गिरगावात पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाच्या हाताखाली होता. बाप वारला तेव्हा शेतीसाठी परत आला, तो तीन कुंचले आणि अक्षरांची वळणं घेऊन. शाळा दुसरीपर्यंतच झालेली. वाचताना त्याचे ओठ हलायचे. पण एकदा समोर लिहून दिलं की फळ्यावर अक्षर असं उतरवायचा की छापल्यासारखं दिसावं. भातझोडणी उरकली की बैलगाड्यांच्या फळ्यांवर मोर काढायचा, महाडच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायचा.

बासष्ट सालची निवडणूक होऊन महिनाभर झाला होता. महाबळेश्वरकडे जाणारा रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला दगडाची खाण सुरू झाली. साठेक माणसं कामाला. दगड फोडायला सुरुंग लावत, आणि सुरुंगाची दारू एका दगडी कोठीत ठेवलेली असे. कोठीजवळ कुणी विस्तव नेऊ नये म्हणून ओव्हरसियर साहेबांनी सयाजीला बोलावलं. साहेब पुण्याकडचे, बोलायला मऊ. त्यांनी कागदावर लिहून दिलं: "दारूजवळ जाण्यास सक्त मनाई आहे."

सयाजीने दोन दिवस खपून तांबड्या अक्षरांत पाटी रंगवली. खाणीवर वाचता येणारे चौघेच होते. त्यांनी पाटी मोठ्याने वाचली आणि ते हसत सुटले.

"हितं पण दारूबंदी आली रं! आता सरकार डोंगरात पण पाटी लावतंय."

सयाजीही हसला. पण साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक चोपडं आणलं. त्यात पेटत्या सिगारेटचं चित्र होतं आणि तिच्यावर तांबडी फुली.

"अक्षरं नकोत. चित्र सगळ्यांना कळतं," साहेब म्हणाले.

सयाजीने चित्र निरखलं. "सायब, हितं सिगारेट कोन वढतंय? बिडी काढू काय?"

"बिडी काढ. पण ठळक काढ."

त्याने काढली. पानाच्या शिरा, बुडाचा लाल दोरा, टोकाची लाली, वर निळसर धुराची वेलांटी. मग तांबडा रंग घेऊन त्यावर फुली मारायची वेळ आली तेव्हा त्याचा हात अडखळला. चांगलं काढलेलं चित्र आपल्याच हाताने खोडायचं, हे त्याने आजवर कधी केलं नव्हतं. म्हणून फुली त्याने बारीक मारली, खालची बिडी नीट दिसेल अशी.

पाटी लागली त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत गोमाजी नावाचा म्हातारा घणकरी भाकर खाऊन उठला, थेट पाटीखाली गेला, कोठीच्या भिंतीला पाठ लावून बसला आणि त्याने बिडी तोंडात धरली. काडी ओढली. पाणी देणारी ठमाबाई ओढ्यावरून हंडा घेऊन वर येत होती. तिने काडीची ज्योत पाहिली आणि धावत जाऊन हंडा गोमाजीच्या डोक्यावर पालथा केला.

"येडी झालीस काय गो ठमे?" गोमाजी नखशिखान्त भिजलेला.

"मागं काय हाय ठावं हाय? दारू हाय दारू! आपल्या समद्यांच्या चिंध्या झाल्या असत्या."

"मंग पाटी कशापायी लावली? बिडीवर फुली हाय ना! मतांच्या येळी गुरुजी वाडीत येऊन सांगून गेलं, जे पायजे त्याच्या चित्रावर फुलीचा शिक्का मारायचा. मी समजलो बिडी वढायची जागा हीच."

कुणी हसलं नाही. गोमाजी खोटं बोलत नव्हता. त्या निवडणुकीत पहिल्यांदाच मतपत्रिकेवर फुली मारायची होती, आणि आपलं मत वाया जाऊ नये म्हणून प्रत्येकाने ती घोकून ठेवली होती. साहेब धावत आले. झालेला प्रकार ऐकून ते तिथेच एका दगडावर बसले.

"सयाजी, तुझ्या पाटीने आज माणसं मारली असती," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, तरी ते सयाजीच्या काळजात रुतलं.

त्याने पाटी खाली उतरवली आणि ती खांद्यावर घेऊन तो खाणभर फिरला. भेटेल त्याला विचारू लागला, "हे बगून काय समजतंय?" एक म्हणाला, बिडी मोडून टाका. दुसरा म्हणाला, दोन काठ्या आडव्या बांधल्यात. खडी फोडणाऱ्या साळूबाईने पुष्कळ निरखून सांगितलं, "जंगलात ठेकेदार तोडायच्या झाडावर फुली मारतो. ह्या बिडीचं काय करायचं हाय?" सयाजीचं डोकं भणभणलं. आपण जे काढतो ते लोकांना दिसतं, एवढीच त्याची आजवरची समजूत. मोर काढला की मोर दिसतो. पण 'नाय' कसा काढायचा? नसलेल्या गोष्टीला रंग कुठला?

घरी बायकोला, आवडीला, त्याने हेच विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "नाय म्हनजे मान हलवायची," ती म्हणाली. "मान काढा हलती."

दुसऱ्या दिवशी खाणीवर गेला तर कोठीकडे जाणाऱ्या वाटेवर करवंदीची भलीमोठी काटी आडवी पडलेली. माणसं येत होती, काटी बघत होती आणि वळसा घालून जात होती. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं.

"कोनी टाकली?"

"मी," ठमाबाई म्हणाली. "गवत राखायचं असलं की आपुन कुंपणाच्या बेड्यात काटी टाकतो ना? गुराखी बगतो आन् परत फिरतो. तेला काय पाटी वाचाया लागती?"

सयाजीचा चेहरा उजळला. त्याने धावत जाऊन पाटी पांढरी केली आणि तिच्यावर काटीच काढली. एकेक काटा टोकदार, पानं चकचकीत. संध्याकाळी लोक जमले. बराच वेळ बघून एकजण म्हणाला, "करवंदं काढायची राहिली काय रं?"

खरी काटी कळत होती, काढलेली कळत नव्हती. हे असं का, ते सयाजीला उमगेना. लोक खुणेला मानतात की काट्याला भितात? त्याने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, ते नंतर बघू. पुढच्या आठवड्यात वरचे अधिकारी येणार होते आणि त्यांना चोपड्यातल्यासारखीच पाटी हवी होती.

"पाटी पयल्यासारखी बिडीचीच करतो," सयाजी शेवटी म्हणाला, "पन फुली जाड मारतो. आन् सायब, तिच्याजवळ म्हयनाभर एक मानूस उबं करा. ते तोंडानं सांगंल."

साहेबांनी ठमाबाईला उभं केलं. पाण्याचा हंडा दुसऱ्या बाईकडे गेला आणि ती कोठीच्या वळणावर उभी राहू लागली. येणाऱ्या प्रत्येकाला पाटीपुढे थांबवायची, फुलीवर बोट ठेवायची. "ही मताची फुली न्हवं. ही नायची फुली. बोल, काय?" माणूस "नायची" म्हणेपर्यंत सोडायची नाही. गोमाजीकडून तर तिने तीनदा म्हणवून घेतलं. पावसाळ्याआधी खाण बंद झाली तोवर कोठीजवळ परत कुणी काडी ओढली नाही.

सयाजीला मात्र त्याचं समाधान वाटलं नाही. पाटी कळली म्हणून माणसं वाचली, की ठमाबाईमुळे? हे तो पुढे कैक वर्षं ज्याला त्याला विचारी. धोक्याच्या पाट्यांचं काम मात्र त्याच्याकडे येत राहिलं, आणि तो एका अटीवर घेई: कामावरची माणसं आधी पाटीसमोर जमवा.

दोनेक वर्षांनी महाडला एका भाताच्या गिरणीत त्याने पंजा काढला आणि पंजावर फुली. गिरणीतल्या बायका समोर बसवल्या. "यंत्राचा पट्टा फिरत असताना हात घालायचा नाय," सयाजीने एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

पुढे बसलेली चंद्राबाई म्हणाली, "बरं. पन भात अडकलं तर हात घालायचा कुटं?"

सयाजीने पाटीकडे पाहिलं. तिच्यावर ते कुठेच नव्हतं. त्याने कुंचला डब्यात ठेवला, गिरणीवाल्याला यंत्र बंद करायला लावलं आणि बायकांच्या पुढे होऊन सांगितलं, "भात अडकतं कुटं, दाखवा बगू."