वर्धमान आण्णांच्या विहिरीतली मरळ

मुरगूडच्या अलीकडं आमचं तळं आहे. भरलं की ते फक्रुद्दीनचं, कारण मासेमारीचा ठेका त्याच्याकडं. आटलं की वर्धमान आण्णांचं, कारण उघड्या पडलेल्या गाळात कलिंगडं ते लावतात. ही वाटणी दोघांच्या वडलांपासूनची आहे आणि आण्णांना ती मान्य आहे. फक्त दुसऱ्याचा हंगाम सोसत नाही.

आण्णा जैन. मासे खाणं दूरच, पण फक्रुद्दीनच्या जाळ्यात किती सापडले हे त्यांना फक्रुद्दीनच्या आधी कळतं. तळं लवकर आटू दे, असं मात्र देवळात मागता येत नाही. आटलं की मासे मरणार.

खरा ताप फक्रुद्दीनच्या स्वभावाचा. कलिंगडं आली की तो बांधावर बसून खुशाल फोड खातो. "आण्णा, साखर हाय की ही!" त्याच्या तोंडावर जळफळाट शोधून आण्णा दमले.

यंदा एप्रिलात मधोमध गुडघाभर डबकं उरलं. त्यातले शेवटचे मासे धरायला फक्रुद्दीन दुसऱ्या दिवशी येणार होता. आण्णांनी त्याच दुपारी घागरीमागून घागर भरून मासे आपल्या विहिरीत सोडले.

"आजच कुठनं आली जीवदया?" बायको राजमतीनं विचारलं.

"मरताना बघवत न्हाय."

"गेल्या साली बघवत हुतं."

फक्रुद्दीननं मोकळं डबकं पाहिलं आणि म्हणाला, "बरं केलासा आण्णा. पुण्य लागंल." त्या दिवशी आण्णांना जेवण गेलं नाही.

विहिरीत सोडलेल्या माशांत मरळीही होत्या, आणि त्यांनी अहिंसेचं व्रत घेतलं नव्हतं. लहान मासे रोज कमी झाले, मरळी जाड झाल्या. आण्णांच्या कणकेच्या गोळ्या तशाच तरंगायच्या. जुलैत पाण्याला वास आला. राजमती म्हणाली, "हिरीत मासं ऱ्हातील, न्हायतर माझी घागर." तळं तोवर तुडुंब भरलं होतं. आण्णांनी जन्मात पहिल्यांदा जाळं हातात धरलं, तेही जुन्या मच्छरदाणीचं, आणि मरळी तळ्यात परत नेऊन सोडल्या.

पर्युषणानंतर क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी जैन माणूस सगळ्यांची क्षमा मागतो. आण्णा दरवर्षी गावभर फिरतात, फक्रुद्दीनचं दार तेवढं राहून जातं. यंदा राजमतीनं बळंच धाडलं.

फक्रुद्दीन दारात मरळ तोलत उभा होता. दोन हातांत मावत नव्हती.

"काय चुकलं असंल तर माफ कर, फक्रूभाई."

"चुकलं कसलं? एप्रिलात धरली असती तर वीतभर घावली असती. तुम्ही पोसलासा म्हणून ही हातभर झाली! फुडच्या साली बी न्या की हिरीत."

आण्णा हात जोडून उभेच राहिले. क्षमा मागून झाली होती. पुढची आता वर्षानं, आणि मागण्याजोगं मनात तेवढ्यात पुन्हा साठलं होतं.